जांभळ्या कोटातली मावशी

शिकागोतल्या मराठी आयांमध्ये त्या काळी एक वाक्य ठरलेलं होतं. "शरयूमावशींकडे पोर ठेवलंस ना? मग काळजी मिटली." आणि खोटं नव्हतं ते. दुपारी तीन ते सहा, पाच-पाच मुलं त्यांच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये असायची आणि टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता! खाली फुटपाथवर गोरी पोरं सायकली पिटाळत बोंबलत असायची, आणि वर आपली पोरं टेबलाभोवती माना खाली घालून वाचत बसलेली. बघणाऱ्याचा जीव कसा सुपाएवढा व्हायचा. शांत बसलेलं मूल म्हणजे गुणी मूल, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगावं लागतं का?

शरयू टिपणीस मूळच्या साताऱ्याच्या. मुलींच्या शाळेत अकरा वर्षं मराठी शिकवलेलं. चौऱ्याहत्तर साली नवऱ्याच्या, म्हणजे श्रीरंगरावांच्या मागोमाग अमेरिकेत आल्या. श्रीरंगराव एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. बाईंच्या बी.एड.ला इथे कुणी विचारेना, पोटी मूलबाळ नाही, गाडी चालवता येत नाही. पहिले पाच हिवाळे त्यांनी खिडकीतून बर्फ बघत काढले. मग एकोणऐंशीत खालच्या मजल्यावरच्या नंदाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली. तिची सीमा तेव्हा दोन वर्षांची. "मावशी, सांभाळाल का हो हिला?" नंदानं विचारलं, आणि मावशींनी ती पोर जी कडेवर घेतली ती सहा वर्षं खाली ठेवलीच नाही म्हणा ना. तिच्या पाठोपाठ बाकीची चार आली. साताऱ्याचा वर्ग पुन्हा भरला.

वर्ग म्हणजे वर्गच. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं, ते कार्पेटवर पडू नये, टीव्हीवर चकाकू नये आणि पोरी काळ्या पडू नयेत म्हणून जाड तपकिरी पडदे कायम ओढलेले. टेबलावर एक दिवा. आधी होमवर्क, मग वाचन, मग पाठांतर. पाठांतर हा तर मावशींचा हुकमाचा एक्का. मंडळाच्या गणेशोत्सवात पाठांतराची पहिली तिन्ही बक्षिसं दरवर्षी याच टेबलावरून जायची. "एकदा ऐकलं की पाठ झालं पाहिजे," मावशी बजावायच्या, "दोनदा ऐकावं लागलं तर नापास." बाहेर सोडा म्हणून एखादं पोर कुरकुरलं तर उत्तर तयार होतं. "बाहेर काय ठेवलंय? थंडी नाहीतर गुंड!"

आता त्यांना डोळ्यांची काळजी नव्हती असं कुणी म्हणू नये हं. प्रत्येक पोराला रोज पाच भिजवलेले बदाम आणि पेलाभर गाजराचा रस. नाक दाबून प्यावा लागला तरी प्यायचा. मुलांचे डोळे चांगले राहावेत म्हणून जे जे त्यांना ठाऊक होतं, ते ते त्या करत होत्या.

या पाचांत सीमा म्हणजे मावशींच्या गळ्यातला ताईत. आठ वर्षांची, बारीक चणीची, दोन वेण्या. कुणी पाहुणं आलं की मावशी तिच्याकडे बोट दाखवायच्या. "आमची सीमा बघा! पुस्तकात कसं नाक खुपसून बसलीये. शेजारी बँड वाजला तरी मान वर करायची नाही." आणि खरंच, सीमाचं नाक आणि पान यांच्यामध्ये मुठीएवढी जागा नसायची. पाहुणे म्हणायचे, "वा! काय एकाग्रता!" मावशी सीमाला जवळ घेऊन गालावरून हात फिरवायच्या. आणि हे असं वर्ष-दीड वर्ष चाललं होतं, बरं का. दीड वर्ष!

पंच्याऐंशी सालची दिवाळी नोव्हेंबरात होती. तिच्या दहा दिवस आधीच्या शनिवारी नंदाची ड्यूटी होती, म्हणून मावशी सीमाला घेऊन देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर फराळाचं सामान आणायला गेल्या. थंडी चांगलीच झोंबत होती. मावशींच्या अंगात जांभळा कोट. त्या वर्षी एका मोठ्या दुकानानं सेलमध्ये ते कोट काढले होते आणि अर्ध्या देशी बायकांनी तेच उचलले होते. साडीवर जांभळा कोट म्हणजे डेव्हनचा गणवेशच झाला होता.

बेसन, पोहे झाले. सीमा दुकानातल्या चिक्कीपाशी घुटमळत होती. मावशी म्हणाल्या, "तू इथेच दारात थांब. मी समोरून पेढे घेते. बाहेर येऊन हात केला की तू सिग्नलपाशी ये, मी तुला घ्यायला येते. कळलं?"

"ओके मावशी."

पाच मिनिटांत पेढ्यांचा पुडा घेऊन मावशी बाहेर आल्या. समोर, रस्त्यापलीकडे, सीमा दारातच उभी होती. शहाणी पोर! मावशींनी हात केला. सीमा सरळ त्यांच्याकडेच बघत होती. पण चेहऱ्यावर काही नाही, हात नाही, हसू नाही. मावशींनी पुन्हा हात केला, आता चांगला उंच, पुड्यासकट. सीमा बघतेच आहे. भिंतीकडे बघावं तसं. "सीमाऽऽ!" मावशी ओरडल्या. मधून ट्रक गेला, हाक त्याच्याखाली गेली.

एवढ्यात पलीकडे, सीमाच्या शेजारच्याच दुकानातून दुसरीच एक बाई बाहेर पडली. साडी आणि जांभळा कोट. कोण, कुठली, देव जाणे. सीमा टुणकन उडी मारून तिच्या मागे गेली आणि हसत हसत तिचा हात धरला!

त्या बाईनं दचकून हात झटकला. झटका बसला तशी सीमा मागे गेली, फुटपाथच्या कडेवरून पाय सुटला आणि पोर रस्त्यात. थांब्याकडे वळणारी बस करकचून ब्रेक लावत थांबली. सीमापासून दोन हातांवर.

सिग्नल लाल की हिरवा हे शरयूमावशींनी बघितलं नाही. पेढ्यांचा पुडा कुठे पडला तेही त्यांना पुढे कधी आठवलं नाही. त्यांनी रस्ता ओलांडला, सीमाला दंडाला धरून वर ओढलं आणि पहिल्यांदा पाठीत एक धपाटा घातला. मग छातीशी धरलं. मग पुन्हा ओरडल्या.

"मी समोरून हात करतेय, हाका मारतेय, आणि तू खुशाल परक्या बाईचा हात धरतेस? मी दिसले नाही तुला?"

सीमा रडकुंडीला आली होती. "आय थॉट दॅट वॉज यू."

"माझं तोंड ओळखत नाहीस?"

"तोंड नाही दिसत ना मावशी. लांबून कुणालाच तोंड नसतं." सीमानं हुंदका गिळला. "जवळ आल्यावर मी कोट बघते."

लांबून कुणालाच तोंड नसतं. मावशींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पोर घाबरलीये, काहीतरी बरळतेय. त्यांनी तिची हनुवटी धरून तिला समोरच्या दुकानांकडे वळवलं. "त्या पाट्या वाच बघू. डावीकडून."

सीमानं धडाधडा वाचल्या. "रूपरंग सारीज. मधुर स्वीट्स. अन्नपूर्णा ग्रोसरी. कुमार टेलर्स."

हुश्श! मावशींच्या जिवात जीव आला. दिसतंय की चांगलं! उगाच घाबरले मी. आणि मग त्यांनी स्वतः त्या पाट्यांकडे बघितलं. रूपरंग, मधुर, अन्नपूर्णा. चौथ्या दुकानावर हातभर उंचीच्या लालभडक अक्षरांत लिहिलं होतं, 'व्हिडिओ'. कुमार टेलर त्याच आठवड्यात गाशा गुंडाळून गेला होता.

पोरीनं पाट्या वाचल्याच नव्हत्या. म्हणून दाखवल्या होत्या. दर खेपेला येता-जाता मावशी मोठ्यानं वाचायच्या, त्या पाठ झाल्या होत्या.

मावशी दुकानाच्या पायरीवर मटकन बसल्या. "अगं, पण शाळेत डोळे तपासतात ना? दोन महिन्यांपूर्वीच तपासले की! पास झालीस म्हणून कागद आला होता."

"लाइनमध्ये माझ्यापुढे सहा मुलं होती," सीमा म्हणाली. "ती सगळी तीच लेटर्स म्हणत होती. मला पाठ झाली." आणि मग जरा भीतभीत, पण थोड्या अभिमानानंही, "एकदाच ऐकून, मावशी."

मावशी उठल्या, सीमाचं मनगट धरलं आणि तिला घेऊन तरातरा चालू लागल्या.

डेव्हनच्या पूर्व टोकाला एका म्हाताऱ्या अमेरिकन डॉक्टरचं चष्म्याचं दुकान होतं. अपॉइंटमेंट नव्हती, पण मावशींचा चेहरा बघून त्यानं दोघींना आत घेतलं. मावशींनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत पहिलं वाक्य सांगितलं ते असं: "डॉक्टर, ही मुलगी पाठ करते, हिला एकच ओळ दोनदा विचारू नका." म्हाताऱ्यानं भुवया उंचावल्या आणि दर वेळी नवा तक्ता लावला. सीमाला सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर तेवढं ओळखता आलं. बाकी सगळा धूर.

मायनस साडेतीन. दोन्ही डोळ्यांना.

"शाळेतून आल्यावर ही काय करते?" डॉक्टरनं विचारलं. मावशी सांगू लागल्या. होमवर्क, वाचन, पाठांतर. किती वेळ? तीन तास. मध्ये उठते? नाही, फार गुणी आहे. बाहेर खेळायला? नाही. उजेड? पडदे... आणि 'पडदे' म्हणताना त्यांचा आवाज खाली खाली जात बंदच झाला. जे सतरा वर्षं सर्टिफिकेटासारखं मिरवलं, ते तोंडातून एकेक बाहेर पडताना गुन्ह्याच्या कबुलीसारखं ऐकू येत होतं.

म्हातारा भला होता. म्हणाला, "हे तुमच्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा ते घराण्यातून येतं, आणि खरं कारण आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण मूल पुस्तक नाकाशी धरतं तेव्हा ते अभ्यासू असतं असं नाही, त्याला दिसत नसतं. आणि वाढत्या डोळ्यांना दिवसभर हातभर अंतरावर कोंडून ठेवणं मला तरी बरं वाटत नाही. पोरांना उजेडात सोडा, लांबचं बघू द्या."

"आणि गाजर? बदाम?" मावशींनी आशेनं विचारलं.

"पोटाला चांगले," डॉक्टर म्हणाला.

"चष्मा लावला की नंबर आणखी वाढेल ना?"

"कुणी सांगितलं? उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचा. मात्र झालेला नंबर उतरणार नाही. पुढे किती वाढतो ते बघत राहायचं. आईला घेऊन या. आणि तुमच्याकडच्या बाकीच्या मुलांचेही डोळे तपासून घ्या."

बाकीची मुलं! तोवर हे मावशींच्या डोक्यातच आलं नव्हतं. बसमध्ये सीमा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि मावशींच्या डोळ्यांपुढे टेबलाभोवतीच्या एकेका पोराची मान येऊ लागली. शैलेंद्र डोळे बारीक करून टीव्ही बघायचा, तेव्हा आपण त्याला काय म्हणायचो? चिनी! आणि सगळी हसायची. अरे देवा, आपणसुद्धा!

संध्याकाळी नंदा कामावरून आली. मावशी सीमाला घेऊन खाली गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, बससकट. काही लपवलं नाही. नंदाचा चेहरा पांढराफटक पडला. सीमाकडे बघितलं, मावशींकडे बघितलं.

"रोज तीन तास तुमच्यासमोर असते ती, मावशी," ती म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं नाही? तुम्ही तर शिक्षिका!"

"नाही आलं, नंदा."

"माझ्या पोरीचे डोळे गेले आणि तुम्ही पाहुण्यांना तिची एकाग्रता दाखवत होतात?" आणि मग नंदा एकदम खाली बसली. "आणि मी तरी! दिवसभर मायक्रोस्कोपमधून लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजते. घरात पोरीला आई दिसत नाही हे मला दिसलं नाही." तिनं पदरात तोंड लपवलं. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "सोमवारपासून सीमा नाही येणार वर. मी शिफ्ट बदलून घेईन."

मावशी जिना चढून वर आल्या. सहा वर्षं ज्या पोरीला वाढवलं ती एका वाक्यात तुटली होती, आणि समोरची चुकीची होती असंही म्हणायची सोय नव्हती. श्रीरंगराव म्हणाले, "अगं, मुद्दाम का केलंस तू?" मावशी त्यांच्यावरच उखडल्या. "मुद्दाम केलं असतं तर थांबवता तरी आलं असतं! मी चांगलं म्हणून करत होते!"

दुसऱ्या दिवशी रविवार. मावशींनी फोन पुढ्यात ओढला आणि उरलेल्या चारही घरी स्वतः फोन केला. सीमाचं असं झालं. माझ्या लक्षात आलं नाही. तुमच्या मुलाचेही डोळे तपासा, आणि तपासताना दुसऱ्या मुलामागे उभं करू नका, आपली पोरं पाठ करतात. श्रीरंगराव पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. असे फोन केले की पोरं जाणार, हे त्यांना दिसत होतं, मावशींनाही दिसत होतं. एका आईनं त्याच दिवशी मुलगा काढून घेतला. पुढच्या आठवड्यात शैलेंद्रला नंबर निघाला, पाऊण. राहिलेल्या दोन मुलींचे डोळे स्वच्छ होते. ते ऐकून मावशी देवासमोर उभ्या राहून घळाघळा रडल्या.

सोमवारी तीन वाजता ती तीन पोरं आली तेव्हा खिडकीला पडदे नव्हते. मावशींनी ते काढून फाडून त्यांची फडकी केली होती. "दप्तरं ठेवा, टोप्या घाला, चला," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"बाहेर!"

पोरांना वाटलं मावशींना ताप आलाय.

दोन ब्लॉकांवर पार्क होतं. साडेचारला अंधार पडायचा, तोवर मावशी आपला जांभळा कोट आवळून तिथे बाकावर बसायच्या आणि पोरं नुसती उधळायची. पाठांतर सुटलं नाही, ते सुटलं असतं तर मावशी कसल्या! पण आता ते चालता चालता, मोठ्यानं, उघड्यावर. कोपऱ्यावरून येणाऱ्या बसचा नंबर जो आधी वाचेल त्याचा पहिला नंबर. शैलेंद्र आता नव्या चष्म्यानं सगळ्यांना हरवायला लागला. अंधार पडल्यावर घरात वाचन, पण कोपर टेबलावर टेकवून मूठ हनुवटीला लावायची, पुस्तक त्यापेक्षा जवळ आलं की मावशींचा चमचा टेबलावर टण्णकन वाजायचा. आणि दोन पानं झाली की उठून खिडकीशी, पलीकडच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघून यायचं. पोरं जिन्यात दाणदाण पाय आपटायला लागली. खालच्या मजल्यावरून तक्रार यायला हवी होती. खालच्या मजल्यावर नंदा होती. तिनं तक्रार केली नाही, पण वरही आली नाही.

दिवाळी आली. मावशींनी चकल्या, करंज्या केल्या, डबा भरला आणि श्रीरंगरावांच्या हाती खाली पाठवला. स्वतः जायचा धीर झाला नाही. दोन दिवस डबा खालीच. तिसऱ्या दिवशी दारात ठेवलेला मिळाला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. आत नंदानं केलेले रव्याचे लाडू होते आणि वर एक चिठ्ठी. 'तुम्ही स्वतः सगळ्यांना फोन केलेत हे कळलं. सीमाचा चष्मा शनिवारी मिळणार. ती म्हणते, मावशी पाहिजे. अकराला डॉक्टरच्या दुकानाशी या.'

शनिवारी मावशी साडेदहालाच डेव्हनवर पोचल्या. पण दुकानात गेल्या नाहीत. रस्त्याच्या अलीकडे उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघत होत्या. एक जांभळा कोट गेला, दुसरा गेला. मावशींनी काय केलं असेल? कोटाची बटणं सोडली, कोट काढला, घडी केली आणि मागच्या किराणा दुकानाच्या आत टोपल्यांवर ठेवून दिला. बर्फाळ वारा सुटला होता, आणि ही बाई सुती साडी नि श्रीरंगरावांचा राखाडी स्वेटर अंगावर घेऊन रस्त्याच्या कडेला कुडकुडत उभी! तो स्वेटर सीमानं त्यांच्या अंगावर कधीच बघितला नव्हता. आता कोट नव्हता, हातात पुडा नव्हता. त्यांनी हातही वर केला नाही. हाकही मारायची नाही असं ठरवलं होतं. ओळखायचं तर नुसत्या तोंडावरून.

अकरा वाजून गेले. दुकानाचं दार उघडलं. नंदा बाहेर आली, तिच्यामागून सीमा. नाकावर तपकिरी फ्रेमचा भला मोठा चष्मा. पोर पायरीवरच थबकली. वर झाडाकडे बघितलं, उरल्यासुरल्या पिवळ्या पानांकडे. तारेवर बसलेल्या पक्ष्यांकडे. तोंड उघडं ते मिटेना. मग नजर खाली आली आणि रस्त्याच्या या बाजूच्या माणसांवरून हळूहळू सरकू लागली. एक जांभळा कोट आला, सीमानं त्याच्याकडे बघितलं आणि सोडून दिला.

नजर मावशींवर आली. थांबली.

सीमानं हात वर केला. उंच. आणि जागेवर उड्या मारायला लागली.

सिग्नल हिरवा झाला तशी ती नंदाचा हात ओढत रस्ता ओलांडून आली. मावशी हसत खाली वाकल्या. पण पोर गळ्यात पडेना. दोन पावलांवर उभी राहून ती मावशींच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग मागे सरकली, आणखी मागे सरकली, फुटपाथच्या पार त्या टोकाला जाऊन तिथून बघितलं आणि परत आली.

"मावशी," ती म्हणाली, "तू लांबून पण हसतेस?"

"म्हणजे काय ग?"

"घरी तू खुर्चीवर बसायचीस ना, आम्ही वाचायचो तेव्हा. मला तुझं तोंड नाही दिसायचं. मला वाटायचं, तू रागावलीयेस. म्हणून मी मान वरच नाही करायची." सीमानं चष्मा सावरला. "जवळ आलीस की मगच हसायचीस. आय थॉट यू ओन्ली स्माइल अप क्लोज."

ती एकाग्रता. पाहुण्यांना दाखवलेली, बँड वाजला तरी न हलणारी मान. दीड वर्ष खुर्चीत बसून शरयूमावशी त्या पोरीकडे बघून जीव ओवाळून टाकत होत्या, आणि टेबलाशी बसलेली पोर त्यांना घाबरून मान खाली घालत होती.

मावशींनी सीमाच्या गालावरून हात फिरवला. नंदानं हे सगळं ऐकलं होतं. तिनं आपल्या अंगातला कोट काढला आणि मावशींच्या खांद्यांवर टाकला.

"सोमवारी तीनला पाठवते हिला," ती म्हणाली. "टोपी घालून."